साल की शाल?

मित्रांनो, एक काम करा. हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि तुमच्या घरात एकूण किती स्पीकर आहेत ते मोजून या. टीव्हीतले दोन तर झालेच. आणि मोबाइलमध्ये? एक म्हणालात ना! अहो, बोलताना कानाशी धरतो तो वरचा बारका वेगळा आणि गाणी वाजवतो तो खालचा वेगळा. शिवाय आजोबांचा रेडिओ, दारावरची घंटा, ताईचे इयरफोन, धाकट्याची गाणं म्हणणारी मोटार. मी हा गृहपाठ आमच्या चौथीच्या वर्गाला दिला, तेव्हा एका मुलाने चौदा स्पीकर मोजून आणले. त्यात कचऱ्यात टाकलेली एक बोलकी बाहुलीसुद्धा होती. ती बाहुली पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

पण हा उद्योग सुरू का झाला, ते आधी सांगते.

आमची शाळा चिखलीची. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातली चिखली हं, पुण्याजवळची नव्हे. वर्गावर टिनाचं छप्पर आहे. जुलैत पाऊस लागला की त्या पत्र्यावर असा ताशा वाजतो, की पहिल्या बाकावरच्या मुलालाही मी काय म्हणते ते कळत नाही. पाऊस नसला तर खामगावकडे जाणारे ट्रक आहेतच. त्यामुळे श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना मला नेहमी गंमत वाटायची. मी सांगितलं ‘शाल’, तर कुणी लिहिलेलं असायचं ‘साल’. मी म्हटलं ‘साथ’, तर वहीत ‘सात’. पुढच्या बाकांवर ह्या चुका कमी, मागे जास्त.

मागच्या बाकावरच्या एका मुलीची वही मात्र निराळीच होती. तिचं वाक्य अगदी अर्थाला धरून असायचं, शुद्धलेखनही चांगलं. पण ते वाक्य मी सांगितलेलं नसायचं! मी सांगितलं, ‘आजीने शाल पांघरली,’ तर हिने लिहिलं, ‘आजीने चादर पांघरली.’ सगळे हसले. मी हसले नाही. जिला ‘पांघरली’ ऐकू आलं, तिने पुढचं-मागचं जोडून बाकीचं मनाने भरून काढलं होतं. म्हणजे ही मुलगी ऐकत कमी होती आणि ओळखत जास्त होती. हुशार होती म्हणून तर इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा ठरवलं, वर्गात एक स्पीकर हवा. ही काही नवी कल्पना नाही. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा पालघर जिल्ह्यात दिगंत स्वराज फाउंडेशन ह्या संस्थेने ‘बोलकी शाळा’ चालवली होती. कार्यकर्ते गावात स्पीकर घेऊन जायचे, मुलं उघड्यावर अंतर राखून बसायची आणि ध्वनिमुद्रित पाठ ऐकायची. इंटरनेट नको, प्रत्येकाला मोबाइल नको. आम्हाला तर एकाच वर्गापुरता आवाज हवा होता. त्यासाठी तयार स्पीकर विकत आणता आला असता, पण मुलं म्हणाली, ‘मॅडम, आपणच बनवू ना!’ मग काय!

आता स्पीकर म्हणजे आत असतं तरी काय? एक कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू, त्याच्या टोकाला बारीक तारेची गुंडाळी आणि मागे एक चुंबक. गुंडाळीतून वीज गेली की तिचंही चुंबक होतं. मागचं चुंबक मग तिला कधी ओढतं, कधी ढकलतं. तिच्याबरोबर शंकू पुढे-मागे हलतो, तो हवेला हलवतो आणि हवा आपल्या कानाच्या पडद्याला. बस, एवढंच. अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली अशा स्पीकरची माहिती प्रसिद्ध केली, आणि शंभर वर्षं झाली तरी त्याची मूळ रचना बदललेली नाही. मुंबईचं रेडिओ केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झालं. म्हणजे रेडिओ आणि हा स्पीकर आपल्याकडे जवळजवळ बरोबरीनेच वाढले म्हणा ना.

यात्रेत किंवा मिरवणुकीत तुम्ही स्पीकरची भिंत पाहता, तिथे कामाची वाटणी असते. ढोलाचा घुमारा काढायला मोठे स्पीकर, झांजेची किणकिण काढायला बारके. पण रेडिओत किंवा खेळण्यात एकच स्पीकर सगळं काम करतो. अशाला दुकानात ‘फुल रेंज’ म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीतला एकटा शिपाई जसा नोटीसही वाटतो, झाडूनही घेतो आणि चहाही आणतो, तसा हा. एकटा माणूस सगळ्याच कामांत पटाईत नसतो. फुल रेंजचंही तेच. म्हणून कुठला चांगला हे पाहण्याआधी, कुठल्या कामाला चांगला, हे पाहावं लागतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर असे स्पीकर नवेकोरे मिळतील. आम्ही मात्र बाहुली, भंगार आणि गावातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, एवढ्यावर भागवलं. चार जमले. पहिला बाहुलीच्या पोटातला, दोन इंची, प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा. दुसरा जुन्या रेडिओतला, चार इंची, कागदी शंकूचा, वजनाला अगदी हलका. तिसरा कॉम्प्युटरशेजारी ठेवतात त्या डबीतला, तीन इंची, पण रबरी कडेचा आणि हाताला जड. चौथा जुन्या मोटारीतला, सहा इंची, मधोमध आणखी एक छोटा शंकू असलेला. त्याला ‘डबल कोन’ म्हणतात. चौथा पाहून मुलांचे डोळे चमकले. ‘मॅडम, हाच घ्या, बाकीचे कशाला पायचे?’

(एक इशारा इथेच देऊन ठेवते. जुन्या काचेच्या टीव्हीतही छान स्पीकर असतो, पण तो टीव्ही स्वतः उघडायचा नाही. बंद करून ठेवलेल्या टीव्हीतही जिवाला धोका होईल इतकी वीज साठून राहिलेली असू शकते. ते काम मेकॅनिकचं.)

स्पीकर हातात आल्यावर आम्ही पहिला प्रयोग केला तो सेलचा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेऊन त्याच्या तारा स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. टक्! शंकू हलतो. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला असेल तर शंकू बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. क्षणभरच हं, धरून ठेवायचं नाही. टोकावरची खूण पुसली गेली असली तरी अधिक कुठलं ते असं कळतं.

दुसरा प्रयोग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. रेडिओचा स्पीकर नुसता हातात धरून त्यावर गाणं लावलं. आवाज अगदी किनरा, पत्र्याचा. मग दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्याला मधोमध गोल भोक पाडून स्पीकर त्याला चिकटवून धरला, आणि काय आश्चर्य! तोच स्पीकर, तेच गाणं, पण आवाज एकदम भरदार. मुलं पुठ्ठ्याच्या मागे जाऊन पाहायला लागली, की कुणी दुसरा स्पीकर लपवलाय का. कारण असं, की शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, पण त्याच वेळी मागची हवा विरळ होते. मध्ये आडोसा नसेल तर पुढची हवा कडेने वळून मागे जाते आणि दोघींची फिटंफाट होते. खर्जातल्या आवाजांचं हे नुकसान सर्वांत जास्त. पुठ्ठा ती पळवाट अडवतो. पेटी म्हणजे तरी काय, चारी बाजूंनी मागे दुमडलेला पुठ्ठाच!

तुम्हालाही हे घरी करता येईल, फक्त वीज मोबाइल चार्जरच्या पाच व्होल्टची किंवा सेलची घ्या. आम्ही काडेपेटीहून लहान असा, जेमतेम तीन वॅटचा अॅम्प्लिफायर वापरला. पेटी सुताराने प्लायवूडची कापून दिली, बारा इंच उंच, नऊ इंच रुंद, आठ इंच खोल. पुढची फळी मात्र चार वेगवेगळ्या करून घेतल्या, प्रत्येकीला त्या-त्या स्पीकरच्या मापाचं भोक. म्हणजे पेटी तीच, फक्त तोंड बदलायचं. आत गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस सैलसर भरला. आपल्या वऱ्हाडात कापसाला काय तोटा! पेटीत आवाज ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो, कापूस तो शोषून घेतो.

आता खरी परीक्षा. इथे दोन गोष्टींनी फसायला होतं, नीट ऐका. पहिली गोष्ट, जो जोरात वाजतो तो कानाला चांगला वाटतो. आमच्या चारांतले दोन चार ओहमचे होते आणि दोन आठ ओहमचे. त्याच अॅम्प्लिफायरवर चार ओहमचा स्पीकर जास्त वीज ओढतो. तेव्हा अॅम्प्लिफायरचं बटण जागचं न हलवता चौघांची तुलना करणं म्हणजे एकाला मोटारसायकल देऊन दुसऱ्याशी शर्यत लावण्यासारखं झालं असतं. म्हणून आम्ही रेडिओवर स्टेशन नसताना येते तशी खरखर प्रत्येक स्पीकरवर वाजवली, एक मीटरवर मोबाइल ठेवला आणि आवाज मोजायच्या अॅपवर आकडा सारखा येईपर्यंत बटण फिरवलं. तो आकडा अगदी अचूक नसेना का, चारही वेळा सारखा आला म्हणजे झालं. दुसरी गोष्ट, डोळे. सहा इंची स्पीकर दिसला की कान आधीच त्याच्या बाजूने होतात. त्यावर उपाय म्हणून पेटीपुढे ओढणी टांगली. पातळ सुती ओढणीच हवी हं, जाड चादर टाकली तर ‘स’ आणि ‘श’ तीच खाऊन टाकते. पडद्याआड फळ्या बदलायला दोघं जण, बाकी सगळ्यांच्या हातात कागद.

आधी गाणं लावलं, ढोलकी आणि टाळ असलेलं. मग माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेले सुटे शब्द ऐकवले. साल, शाल, सात, साथ, ताट, थाट, काच, काज. वाक्यं मुद्दामच दिली नाहीत, कारण वाक्यात मेंदू अंदाजाने भर घालतो, ते आपण पाहिलंच.

गाण्याला मुलांनी एकमताने निवडला तिसरा, कॉम्प्युटरचा. ‘याच्यात ढोलकी पोटात वाजल्यासारखी येते,’ असं एक जण म्हणाला. बरोबरच होतं. रबरी कड सैल असते, शंकू लांबवर पुढे-मागे जाऊ शकतो, म्हणून इतक्या लहान तोंडातून इतका खर्ज निघतो. बाहुलीचा स्पीकर लागला तेव्हा हशा पिकला. ‘मॅडम, हा तं डब्यात बसून गाते!’ ढोलकीची नुसती टिचकी ऐकू येत होती, घुमारा गायब.

पण शब्दांचे कागद तपासले तेव्हा सगळं चित्रच पालटलं. हसण्यावारी नेलेल्या बाहुलीने साल आणि शाल चांगले वेगळे दाखवले होते! आणि ज्याच्यावर सगळ्यांचा जीव जडला होता, तो मोटारीचा सहा इंची चक्क शेवटी आला. समोरच्या दोन रांगांना शब्द बरे कळले होते. खिडकीकडच्या आणि दाराकडच्या रांगांनी मात्र ‘स’ आणि ‘श’ यांचा पार काला केला होता.

असं का झालं असेल? ‘आ’, ‘ओ’ हे स्वर म्हणताना गळ्याला हात लावून पाहा, थरथर जाणवेल. नुसता ‘स्स्स’ म्हणा, थरथर नाही. ‘स’ म्हणजे दातांच्या फटीतून जाणारी नुसती हवा. तिची कंपनं फार वेगवान, सेकंदाला चार हजारांच्या वरचीच जास्त. ‘श’ची त्याहून जरा खालून सुरू होतात. पूर्वीच्या तारेच्या टेलिफोनमधून साधारण तीनशे ते चौतीसशे कंपनांपर्यंतचाच आवाज जायचा, म्हणून तर फोनवर नाव सांगताना ‘स, स, समईतला स’ असं ओरडावं लागे. आता ध्वनी हवेत सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांची लाट ३.४ मीटर लांब, वर्गाच्या छताइतकी. ती कोपऱ्या-कोपऱ्यात पसरते. पाच हजार कंपनांची लाट मात्र जेमतेम सात सेंटिमीटर. शंकू लाटेपेक्षा मोठा असला की तो ती लाट पसरू देत नाही, टॉर्चच्या झोतासारखी सरळ समोर फेकतो. सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर. समोरच्यांवर ‘स’चा झोत पडला आणि कडेचे अंधारात राहिले! मधला छोटा शंकू ‘स’ अधिक जोरात काढतो खरा, पण बाजूला बसलेल्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. शिवाय एवढ्या मोठ्या स्पीकरला आमची पेटीही अपुरी पडली असावी. त्यात माझा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमत होता. त्याला बिचाऱ्याला मोटारीच्या दारात मोठी जागा असते.

मग बाहुलीचाच का घेतला नाही? कारण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणून बटण जरा वाढवलं, की तो फाटायला लागायचा. अर्धा वॅट पेलणारा तो जीव, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची! कॉम्प्युटरच्या स्पीकरची अडचण निराळी. त्याचा शंकू जड, त्याला हलवायला जोर जास्त लागतो आणि आमच्या तीन वॅटांत तो जोर नव्हता. रेडिओतला कागदी मात्र फुंकरीने हलावा इतका हलका. थोड्या विजेत खणखणीत बोलतो. खर्ज कमी आहे, पण श्रुतलेखनाला खर्ज कशाला हवा? बाहुलीपेक्षा एखाद-दुसरा शब्द त्याने जास्तच चुकवला असेल, पण मोठ्या आवाजातही न फाटता शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तोच. जुन्या रेडिओवाल्यांना बातम्या ऐकवायच्या होत्या, तेव्हा त्यांनी हलका कागद विनाकारण निवडला नसणार, असं मला वाटतं.

त्या मुलीचा कागद मी शेवटी पाहिला. रेडिओच्या स्पीकरवरही तिचे अर्ध्याहून जास्त शब्द चुकलेले होते. मग पेटी माझ्या टेबलावरून उचलली आणि तिच्या उजव्या हाताच्या भिंतीशी, मुलांच्या कानाच्या जरा वर येईल अशी ठेवली. पुन्हा तेच शब्द, क्रम बदलून. आता दोनच चुकले. ती डाव्या भिंतीशी ठेवली, पुन्हा घोळ. वर्गातल्या मुलांना ह्याचा अर्थ लागला नाही, मला लागला. तिच्या आई-वडिलांना बोलावलं, कागद दाखवले. त्यांनी दवाखान्यात कान तपासून घेतले. डाव्या कानाने तिला खरंच कमी ऐकू येत होतं, आता उपचार सुरू आहेत. आई म्हणाली, ‘आम्हाले वाटे, हाक मारली तं लक्षच देत नाही पोरगी.’ पालकहो, हे तुमच्यासाठी सांगितलं. कान तपासायचं काम स्पीकरचं नाही, डॉक्टरांचं. पण हाक मारल्यावर मूल भलत्याच दिशेला पाहत असेल तर एकदा दाखवून घ्या.

ती मुलगी आता डाव्या भिंतीच्या रांगेत, दुसऱ्या बाकावर बसते. म्हणजे सगळा वर्ग तिच्या उजव्या कानाकडे येतो. पेटी तिच्या पुढ्यात तिरपी टांगली आहे. कॉम्प्युटरचा स्पीकर स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवलाय, मोटारीचा परत दुकानात गेला, आणि बाहुलीचा मुलांनी सोलून काढला. त्याचं चुंबक विज्ञानाच्या कोपऱ्यात टाचण्या गोळा करत बसलेलं असतं.

सध्या वर्गात वेगळाच वाद चालू आहे. एकाने कुंभारवाड्यातून मडकं आणलंय. त्याचं म्हणणं, चौकोनी पेटीला कोपरे असतात, मडक्याला नाहीत, मग आवाज आत आपटणार कशावर? आवाज मडक्याच्या गोल भिंतीवरही आपटतोच, पण करून पाहायला हरकत नाही. पंचाईत एवढीच, की मडक्याचं तोंड साडेतीन इंचांचं आहे आणि स्पीकर चार इंचांचा.